लेखणीचे टोक आणि चकतीची मोटार

(संस्थेच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेचा गौरव करणारे वक्ते आपणांस पुष्कळ लाभले आहेत व पुढेही लाभतील. आम्ही पडलो शाळामास्तर. आमच्याकडे गौरवाचे काम न देता कार्यवाहांनी समजावून सांगण्याचे काम दिले, हे योग्यच झाले. कार्यकारी मंडळापुढे सध्या दोन ठराव आहेत. पहिला असा की, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्यासाठी आणि अभ्यासिकेतील मुलांच्या लेखनासाठी डिजिटल पेने घ्यावीत. दुसरा असा की, संस्थेची शंभर वर्षांची दप्तरे हार्ड डिस्कवर उतरवावीत आणि जागेची अडचण लक्षात घेऊन मूळ कागद रद्दीत काढावेत. ही दोन यंत्रे घ्यावयाची, तर त्यांच्या पोटात काय आहे हे सभासदांना ठाऊक असावे, एवढाच आमच्या बोलण्याचा हेतू. ठरावांविषयी आमचे मत शेवटी सांगू. आधी यंत्रे पाहू.

वरवर पाहता या दोन वस्तूंचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. एक हातात धरावयाची लेखणी. दुसरी लोखंडी पेटीत बंद केलेली फिरती चकती. परंतु दोन्ही यंत्रे रात्रंदिवस एकच प्रश्न सोडवीत असतात. तो प्रश्न म्हणजे, "मी नेमका कोठे आहे?" लेखणीच्या टोकाने कागदावरील आपली जागा ओळखली नाही, तर 'क'चा 'फ' होईल. चकतीवरील हेडने आपली जागा ओळखली नाही, तर एकाच्या खात्यातील आकडा दुसऱ्याच्या खात्यावर लिहिला जाईल. या एका प्रश्नाला निरनिराळ्या संशोधकांनी दिलेली उत्तरे म्हणजेच आजचा आमचा विषय.

प्रथम लेखणी घेऊ.

हाताने लिहिलेले अक्षर दूर पाठविण्याची कल्पना संगणकाच्या फार पूर्वीची आहे. अमेरिकेत एलिशा ग्रे नावाचे संशोधक होते. १८७६ साली फेब्रुवारीच्या १४ तारखेला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या वतीने दूरध्वनीचा अर्ज पेटंट कचेरीत दाखल झाला, त्याच दिवशी ग्रे यांचेही त्याच विषयावरील टिपण तेथे दाखल झाले होते. कीर्ती बेल यांना मिळाली. परंतु ग्रे स्वस्थ बसले नाहीत. १८८८ साली त्यांनी 'टेलऑटोग्राफ' या यंत्राचे पेटंट मिळविले. लेखणीच्या हालचालीचे दोन दिशांत पृथक्करण करावयाचे, उभी किती व आडवी किती. त्या दोन्ही हालचाली विजेच्या रूपाने तारेवरून पाठवावयाच्या. आणि पलीकडच्या लेखणीने तशीच हालचाल करून तोच मजकूर कागदावर उमटवावयाचा, अशी ही योजना. शाळेत आलेखाच्या कागदावर आपण 'क्ष' आणि 'य' अंतरे मोजतो, तीच ही युक्ती. आजच्या डिजिटल पेनाचा मूळ पुरुष हाच.

पुढे संगणक आले. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलंड यांनी 'स्केचपॅड' तयार केले. त्यात पडद्यावर प्रकाशाची लेखणी टेकवून आकृती काढता येत असे. पडद्यावर प्रकाशबिंदू केव्हा कोठे उमटवावयाचा हे संगणकच ठरवीत असतो. लेखणीला उजेड कोणत्या क्षणी दिसला हे कळले, की ती त्या क्षणी कोठे होती हेही कळते. परंतु उभ्या पडद्यासमोर हात वर धरून लिहिणे म्हणजे फळ्यावर दिवसभर लिहिण्यासारखेच. आमच्या व्यवसायबंधूंचे खांदे त्याची साक्ष देतील.

ती अडचण १९६४ साली कॅलिफोर्नियातील रँड या संशोधन संस्थेने दूर केली. तेथील संशोधकांनी टेबलावर सपाट ठेवावयाची पाटी तयार केली. ती सुमारे दहा इंच लांब व तितकीच रुंद होती. तिच्या पृष्ठाखाली एका दिशेने १०२४ आणि दुसऱ्या दिशेने १०२४ बारीक वाहक रेषा छापलेल्या होत्या, म्हणजे इंचाला १०० रेषा. त्यामुळे पाटीवर दहा लाखांहून अधिक जागा वेगवेगळ्या ओळखता येत. प्रत्येक रेषेतून विजेच्या स्पंदांची एक ठरावीक मालिका सोडलेली असे. जणू प्रत्येक रेषा आपला क्रमांक अखंड पुटपुटत आहे. लेखणीचे टोक ज्या रेषांच्या वर येई, त्यांचे पुटपुटणे त्याला ऐकू येई, आणि त्यावरून संगणकाला जागा कळे.

येथे एक बारीक अडचण आहे, आणि तिचे उत्तर इतके सुंदर आहे की ते विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावे असे आम्हांस वाटते. संगणकाचे अंक दोनच, शून्य आणि एक. या पद्धतीत तीन हा आकडा ०११ असा लिहितात आणि चार हा १०० असा. तिनावरून चारावर जाताना तिन्ही अंक एकदम बदलतात. आता समजा, लेखणीचे टोक तिसऱ्या आणि चौथ्या रेषेच्या बरोबर मध्ये आले. तिला काही अंक तिसऱ्या रेषेचे ऐकू येतील व काही चौथ्या रेषेचे. त्यांची खिचडी होऊन १११, म्हणजे सात, असे उत्तर निघू शकेल! लेखणी तिसऱ्या घराच्या दारात उभी, आणि संगणक तिला सातव्या घरात शोधतो आहे.

बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांनी यावर उपयोगी पडणारी क्रमलेखनाची एक पद्धत सुचविली. हे ग्रे निराळे. एलिशा ग्रे यांच्याशी त्यांची गल्लत करू नये. त्यांनी १९४७ साली अर्ज केला व १९५३ साली त्यांना पेटंट मिळाले. या पद्धतीत शून्यापासून सातापर्यंतचे आकडे असे लिहितात: ०००, ००१, ०११, ०१०, ११०, १११, १०१, १००. नीट पाहा. शेजारच्या कोणत्याही दोन आकड्यांत फक्त एकच अंक बदललेला आहे. तीन म्हणजे ०१० आणि चार म्हणजे ११०. लेखणी मध्येच अडली तरी संदेह एकाच अंकाविषयी राहील. उत्तर तीन तरी येईल किंवा चार तरी; सात मात्र कधीही येणार नाही. रँडच्या पाटीतील रेषा हीच ग्रे यांची भाषा पुटपुटत होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. चकतीच्या पेटीत गेल्यावर ती आपणांस पुन्हा भेटणार आहे.

यानंतर जपानमध्ये १९८३ साली स्थापन झालेल्या वॅकॉम या कंपनीने तार आणि बॅटरी या दोहोंपासून लेखणीची सुटका केली. सतारीच्या मुख्य तारा छेडल्या की खालच्या तरफेच्या तारा न छेडताही झंकारतात, हे आपण ऐकले असेल. अगदी तसेच येथे घडते. पाटीखालच्या वेटोळ्यांतून विशिष्ट कंपनसंख्येची चुंबकीय लहर सोडतात. पेनात एक लहान वेटोळे आणि एक धारित्र असते. ते त्या लहरीने झंकारू लागते. मग पाटी क्षणभर गप्प होते आणि पेनाचा झंकार ऐकते. कोणत्या वेटोळ्यात तो सर्वांत मोठा ऐकू येतो, यावरून जागा कळते. टोक कागदावर दाबले की झंकाराचा सूर किंचित बदलतो, त्यावरून दाब कळतो. पेन केवळ प्रतिसाद देते; त्याला स्वतःची वीज लागत नाही.

आणि चौथा मार्ग स्वीडनमधील अनोटो या कंपनीचा. त्यांनी पाटीच काढून टाकली आणि शहाणपण कागदावर आणले. कागदावर अगदी बारीक ठिपके छापलेले असतात. एका ठिपक्यापासून दुसरा सुमारे ०.३ मिलिमीटर अंतरावर. दुरून कागद केवळ किंचित मळकट दिसतो. प्रत्येक ठिपका आपल्या ठरलेल्या जागेपासून वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे थोडासा सरकवलेला असतो. चार दिशा म्हणजे चार पर्याय. सहा ओळी व सहा रकाने घेतले की ३६ ठिपके झाले, आणि त्यांच्या मांडण्या चाराच्या छत्तिसाव्या घाताइतक्या! बोटाच्या नखावर मावेल एवढ्या चौकटीवरून कागदावरील जागाच काय, पण पान कोणते हेही सांगता येते. पेनाच्या टोकाजवळ लहानसा कॅमेरा असतो. तो अवरक्त प्रकाशात सेकंदास अनेक डझन चित्रे घेतो. ठिपके कार्बनयुक्त शाईचे असल्यामुळे त्या प्रकाशात काळे दिसतात आणि पेनाची साधी शाई त्याच प्रकाशात पारदर्शक ठरते. त्यामुळे लिहिलेल्या अक्षराच्या पोटातूनही कॅमेऱ्याला ठिपके दिसत राहतात.

आता शिक्षक या नात्याने आम्हांस यात काय दिसते ते सांगतो. वहीवर उमटलेला 'अ' आम्ही रोज तपासतो. परंतु तो कसा लिहिला गेला हे वही सांगत नाही. मुलाने आधी दंड ओढला की आधी पोट काढले, हात कोठे अडखळला, शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर ओढली की शब्द संपल्यावर एकदम, हे सर्व पुसले गेलेले असते. डिजिटल पेन रेघांचा क्रम, वेळ आणि काही पेनांत दाबही टिपून ठेवते. ज्या मुलाचा हात मंद चालतो, त्याची बुद्धी मंद आहे असे समजून त्याला मागच्या बाकावर बसविण्याचा अन्याय आपल्या शाळांतून आजही होतो. तो हात नेमका कोठे अडतो हे दिसले, तर उपाय करता येईल. शिवाय या पेनाला भाषेचा पंक्तिभेद नाही. आमच्या घरात मराठी डावीकडून उजवीकडे लिहिली जाते आणि उर्दू उजवीकडून डावीकडे. पेनाला दोन्ही सारखेच. ते फक्त 'क्ष' आणि 'य' मोजते.

आता चकतीकडे वळू.

१९५६ साली आयबीएम कंपनीने कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आपल्या प्रयोगशाळेत तयार झालेले पहिले चकती-यंत्र बाजारात आणले. रेनॉल्ड जॉन्सन हे त्या प्रयोगशाळेचे प्रमुख. जॉन्सन मूळचे शाळाशिक्षक, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटला तर आपण क्षमा कराल. त्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक रचलेल्या होत्या. ताटांची उतरंडच म्हणा. त्या मिनिटाला १२०० फेरे फिरत, आणि सर्व मिळून त्यांच्यावर ५० लाख अक्षरे मावत. चकतीच्या एका बाजूस १०० मार्ग असत. 'मार्ग' म्हणजे एकात एक बसलेली वर्तुळे, ज्यांवर चुंबकाच्या खुणांनी मजकूर लिहिला जातो. आज हातात मावेल अशा एका पेटीत ३० लाख कोटी अक्षरे राहू शकतात. मार्गांची दाटी इतकी की एका इंचात ते काही लाख बसतात. केसाच्या जाडीत शेकडो मार्ग!

इतक्या अरुंद वाटेवर हेड चालवावयाचे कसे? १९८० च्या आगेमागे निघालेल्या लहान यंत्रांत टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटार वापरीत. अमुक टप्पे फिरली म्हणजे अमुक मार्ग आला, असे गृहीत धरावयाचे. ही चाल डोळे मिटून पायऱ्या मोजीत जिना उतरण्यासारखी. यंत्र तापले, चकती किंचित प्रसरण पावली, की पायरी चुके. मार्ग रुंद होते तोवर हे चालले.

मोठ्या यंत्रांसाठी याहून चांगला उपाय आधीच निघालेला होता. १९७० साली आयबीएमने ३३३० या क्रमांकाचे यंत्र जाहीर केले. त्यात हेड हलविण्यासाठी ध्वनिक्षेपकातील वेटोळ्यासारखे वेटोळे वापरले होते. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे; त्यात वीज सोडली की ते पुढे सरकते, उलटी सोडली की मागे. ते कोठेही थांबू शकते आणि म्हणूनच आपण होऊन कोठेच थांबत नाही. त्याला सतत कोणीतरी सांगावे लागते. ते सांगण्याचे काम चकतीच करते. कारखान्यातून निघण्यापूर्वीच चकतीवर स्थानदर्शक खुणा लिहून ठेवतात. आजच्या यंत्रांत मजकुराच्या अधूनमधून या खुणा पेरलेल्या असतात. त्यांपैकी दोन खुणा मार्गाच्या मध्यरेषेच्या दोन बाजूंस असतात. हेड मध्यावर असले की दोहोंचा आवाज सारखा. डावीकडे सरकले की डावीचा मोठा. त्या फरकावरून वेटोळ्यातील वीज कमीजास्त होते आणि हेड पुन्हा मध्यावर येते. प्रत्येक फेऱ्यात हे शेकडो वेळा घडते.

आणि मार्गाचा क्रमांक या खुणांत कोणत्या भाषेत लिहितात? फ्रँक ग्रे यांच्याच. हेड एका मार्गावरून दुसऱ्याकडे झेप घेत असता दोन मार्गांच्या मध्ये सापडले, तरी शेजारच्या दोन क्रमांकांत एकाच अंकाचा फरक असल्यामुळे चूक झालीच तर एका मार्गाची होते; हजार मार्गांची होत नाही. टेबलावरची लेखणी आणि पेटीतील हेड या दोघांना एकाच माणसाच्या युक्तीने घर सापडते. मघाशी आम्ही लक्षात ठेवा म्हटले ते यासाठी.

आता चकती फिरविणारी मोटार. आपल्या स्वयंपाकघरातील मिक्सर वर्षा-दोन वर्षांनी दुरुस्तीला जातो आणि कारागीर म्हणतो, "कार्बन गेले." ते कार्बनचे तुकडे फिरत्या भागाला घासून वीज पोहोचवितात. घासतात म्हणून झिजतात. झिजतात म्हणून पूड पडते. चकतीच्या पेटीत अशी पूड चालणार नाही. तेथे हेड चकतीपासून काही नॅनोमीटर उंचीवर हवेच्या थरावर तरंगत असते, आणि धुळीचा कण त्याच्यापुढे डोंगरासारखा. म्हणून तेथे विनाब्रशाची मोटार वापरतात. चुंबक फिरतो, वेटोळी स्थिर राहतात, आणि कोणत्या वेटोळ्यात केव्हा वीज सोडावयाची हे इलेक्ट्रॉनिक मंडल ठरविते.

पण ते ठरविण्यासाठी चुंबक या क्षणी कोठे आहे हे कळले पाहिजे. पुन्हा तोच प्रश्न! त्याचे उत्तर असे. तीन वेटोळ्यांच्या गटांपैकी कोणत्याही क्षणी दोहोंतच वीज सोडतात. तिसरे रिकामे असते. त्या रिकाम्या वेटोळ्याजवळून चुंबक गेला की त्यात आपोआप थोडी वीज निर्माण होते, आणि ती शून्यातून केव्हा पार होते हे पाहून चुंबकाची जागा ओळखतात. निराळा पहारेकरी नेमावा लागत नाही. ज्याला त्या क्षणी काम नाही तोच पहारा करतो. सार्वजनिक संस्थांनी हा कित्ता गिरविण्याजोगा आहे. मोटार बंद असता मात्र ही वीज निर्माण होत नाही. तेव्हा प्रत्येक वेटोळ्यात क्षणमात्र वीज सोडून कोठे किती अडथळा होतो हे अजमावतात आणि मग योग्य दिशेने पहिला धक्का देतात.

एकदा वेग आला की तो स्थिर राखावा लागतो. मिनिटाला ७२०० फेरे हा पुष्कळ यंत्रांचा वेग. साडेतीन इंची यंत्रातील चकतीची कडा त्या वेगाला ताशी सुमारे १३० किलोमीटर धावते. आणि समजा, अशा वेळी वीज गेली! चकती मंदावली की हवेचा थर नाहीसा होईल आणि हेड चकतीवर घासेल. येथे संशोधकांनी केलेली तजवीज ऐकण्यासारखी आहे. वीज गेली तरी चकती काही क्षण फिरतच असते. त्या क्षणांत मोटारीचे काम उलट होते. ती जनित्र बनते. स्वतःच्या उरल्यासुरल्या गतीतून ती थोडी वीज तयार करते आणि त्या विजेने हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवले जाते. शेवटची शक्ती ही स्वतः फिरत राहण्यासाठी न वापरता मजकूर वाचविण्यासाठी खर्च होते.

मंडळी, यंत्रांची ओळख झाली. आता ठरावांविषयी.

पहिल्या ठरावास आमचा पूर्ण पाठिंबा आहे. दुसऱ्या ठरावाच्या पहिल्या अर्ध्यासही आहे. दप्तरे उतरवून घ्या. वाळवीला आणि ओलीला वाट पाहण्याची सवय नाही. परंतु 'मूळ कागद रद्दीत काढावेत' या शब्दांना आमचा विरोध आहे, आणि तो भावनेपोटी नाही, आताच सांगितलेल्या यंत्रविद्येच्या आधारे आहे.

एक तर, ज्या यंत्राला जागेवर राहण्यासाठी क्षणोक्षणी स्वतःला सावरावे लागते, ते यंत्र कधीतरी सावरू शकणार नाही. उत्पादक साधारणतः दोन ते पाच वर्षांची हमी देतात. आपली पहिली वही शंभर वर्षांची आहे आणि तिला कोणी हमी दिलेली नव्हती. चकती कपाटात ठेवून दिली तरी तिचे वंगण, तिचे इलेक्ट्रॉनिक भाग आणि तिला जोडावयाची तार या सर्वांचे वय वाढतच असते. म्हणून एकाच मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. इंदूर-ग्वाल्हेरकडे आपले स्नेही आहेत. त्यांची प्रत आपण ठेवू, आपली ते ठेवतील. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून पाहावी, आणि ठरावीक वर्षांनी मजकूर नव्या साधनावर उतरवावा. हे सर्व करण्यास माणूस लागेल व पैसा लागेल. ठरावात त्याची तरतूद नाही.

दुसरे कारण आम्हांस जवळचे आहे. नमुना म्हणून शिष्यवृत्तीच्या काही वह्यांची चित्रे घेण्यात आली, ती आम्ही पाहिली. त्यांत १९६१ सालची वही आहे. तिच्या एका पानावर आमच्या वडिलांचे नाव आहे. इयत्ता सातवी, शिष्यवृत्ती दरमहा ४ रुपये. हे सर्व चित्रात स्वच्छ आले आहे. पण मूळ पानाच्या समासात कोणा कारकुनाने पेन्सिलीने एक ओळ लिहिलेली आहे: "मुलगा हुशार. पुस्तकांचेही पाहावे." ती ओळ चित्रात नाही. जागा वाचावी म्हणून चित्रे केवळ काळी-पांढरी घेतली होती. त्या पद्धतीत प्रत्येक कण एकतर काळा नाहीतर पांढरा ठरतो. फिकट पेन्सिल पांढऱ्यात गेली. यंत्राचा दोष नाही. त्याला जे विचारले त्याचे उत्तर त्याने दिले. मात्र पुढच्याच पानावर जुन्या पुस्तकांसाठी ११ रुपये खर्ची पडले आहेत, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून, हे त्या पेन्सिलीच्या ओळीखेरीज कोठेही नोंदलेले नाही. आमच्या घरातील पहिली पुस्तके ती. कागद रद्दीत गेला असता तर चार रुपये राहिले असते आणि तो कारकून नाहीसा झाला असता.

म्हणून आमची विनंती अशी. चित्रे रंगीत व पुरेशा बारकाव्याची घ्यावीत. मोडीतील वह्या मोडी वाचणाऱ्याकडून तपासून घ्याव्यात. आणि मूळ कागद एका कोरड्या खोलीत, कापडी बस्त्यांत बांधून, राखून ठेवावेत. ठिपक्यांच्या कागदाचीच गोष्ट पाहा ना. पेनाला जागा कळते ती कागदावरील खुणांमुळे. आपलीही जागा आपणांस कळते ती अशाच खुणांमुळे.

आणखी एक सूचना करून थांबतो. या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळी, १८९० साली, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले. धंदेशिक्षण लोकांच्या भाषेतून द्यावे, असा त्यामागे आग्रह होता. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. ही परंपरा आपल्या दारातली आहे. पेटंट या शब्दाची पुष्कळांना उगीच धास्ती वाटते. वास्तविक पेटंट हा एक करार आहे. संशोधकाने आपली युक्ती सविस्तर लिहून जगापुढे ठेवावी, आणि त्या बदल्यात ठरावीक मुदतीपर्यंत तिच्यावर त्याचा हक्क राहावा. भारतात आज ही मुदत अर्जापासून २० वर्षांची आहे. मुदत संपली की ती युक्ती सर्वांची. फ्रँक ग्रे यांची युक्ती आज आपल्या आठवीच्या मुलाचीही आहे. फक्त ती त्याला त्याच्या भाषेत कोणीतरी सांगितली पाहिजे.

शंकर आबाजी भिसे हे मुंबईत १८६७ साली जन्मलेले आपले संशोधक. मुद्रणाचे खिळे ओतण्याची यंत्रे त्यांनी तयार केली आणि त्यासाठी इंग्लंड-अमेरिकेपर्यंत गेले. दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला. युक्ती सुचण्यास एक डोके पुरते. ती उभी करण्यास पाठीशी कोणीतरी असावे लागते. धर्मादाय संस्था असते ती याच कामासाठी.

तेव्हा शताब्दीच्या निधीतून अभ्यासिकेशेजारची एक खोली या कामी द्यावी. बाजारात बिघडलेल्या हार्ड डिस्क मोडीच्या भावात मिळतात. लॅपटॉपमध्ये आता चकतीची जागा पुष्कळ ठिकाणी फिरता भाग नसलेल्या साठवणीने घेतली आहे, त्यामुळे जुन्या चकत्यांचा तोटा पडणार नाही. मुलांनी त्या उघडाव्यात. मोटार, वेटोळे व चुंबक वेगळे करून पाहावेत. ग्रे यांचे आठ आकडे फळ्यावर लिहून पडताळावेत. आणि हे सर्व मराठीत समजावून द्यावे. रविवारचे दोन तास आम्ही विनामोबदला देऊ. स्क्रू काढण्याची लहान हत्यारे, एक मोजमापाचे यंत्र आणि चार टेबले एवढाच खर्च आहे.

दुसरा ठराव मतास येईल तेव्हा 'रद्दीत काढावेत' हे शब्द वगळून 'जतन करावेत' हे शब्द घालावेत, अशी उपसूचना आम्ही आजच लेखी देत आहोत. ती साध्या पेनाने, साध्या कागदावर लिहिली आहे. कार्यवाहांनी कृपा करून तिला क्रमांक द्यावा.